मागं चालायचं गाणं

१९६२ साल होतं. ईस्टरच्या आदल्या शनिवारी श्यामकांत रेगे आमच्या स्वयंपाकघरात आले, ओव्हरकोट न काढताच स्टुलावर बसले आणि म्हणाले, "वहिनी, आधी दार लावून घ्या."

मी कढईत नुकतीच फोडणी टाकली होती. जर्मन घरात फोडणी टाकताना खिडकी उघडी आणि जिन्याकडचं दार बंद, हा नियम मी कार्ल्सरूहेला आल्या आल्याच शिकले होते. त्यामुळे दार बंदच होतं. श्यामकांतांनी तरी उठून कडी तपासली. ते हायडेलबर्गला रसायनशास्त्रात डॉक्टरेट करत होते आणि एक आड एक शनिवारी आमच्याकडे वरणभात जेवायला येत. येताना कॉफीचा पुडा आणत, आणि कोणाची ना कोणाची बातमी.

त्या दिवशी बातमी आमच्या मंडळींतल्या यशवंत खराडेची होती. ट्रामच्या थांब्यावर श्यामकांतांनी त्याला अमेरिकन सैन्याच्या जीपमध्ये चढताना पाहिलं होतं. पायात गुडघ्यापर्यंत चामडी बूट. चालवणारा युनिफॉर्मातला सोल्जर. आणि मागच्या सीटवर एक बाई, डोक्याला रुमाल गच्च बांधलेली, तोंड न दिसेल अशी.

"आता बोला," श्यामकांत म्हणाले. "शनिवार-रविवार ओव्हरटाइम असतो ना याला?"

माझे यजमान भास्कर टेबलाशी बसून थिसिसचे आलेख काढत होते. त्यांनी पेन्सिल खाली ठेवली. जीपमध्ये बसणं हा काही गुन्हा नाही, असं ते म्हणाले, पण मान वर न करता.

"गुन्हा नाही, गेनाऊ, अगदी बरोबर. पण तिकडे बर्लिनमध्ये मधोमध भिंत उभी राहिलीय. अशा दिवसांत परदेशी माणसानं मिलिटरीच्या गाडीतून हिंडायचं? परदेशी लोकांवर नजर ठेवणाऱ्या आउसलेंडरपोलिझाईला वास लागला तर तो एकटा नाही जायचा, तुम्हा-आम्हा सगळ्यांना बोलावतील." मग ते आवाज खाली आणून म्हणाले, "आणि ती बाई? तिचं काय सांगणार आहात कोल्हापूरला?"

खरा प्रश्न तोच होता. कोल्हापूरचे दिनकरराव सरनोबत कालव्यांचे कंत्राटदार होते. भास्कर सांगलीला शिकवत असताना त्यांची ओळख झाली होती. त्यांची मोठी मुलगी सुलेखा बी.ए. झाली होती आणि तिच्यासाठी यशवंतचं स्थळ आलं होतं. फोटो इकडून तिकडे गेले होते, यशवंत जर्मनीला निघण्यापूर्वी दोघांनी एकमेकांना एकदा पाहिलंही होतं. सगळं जुळत होतं. राहिली होती ती मुलाची चौकशी. आपल्याकडे ही रीत होती आणि अजूनही पुष्कळ ठिकाणी आहे. मुलगा परगावी असेल तर तिथल्या कोणा भल्या माणसाला विचारायचं: कसा राहतो, काय खातो-पितो, संगत कोणाची. तेही शक्यतो दुसऱ्या जातीच्या माणसाला, कारण जातीतला माणूस आपल्या सोयीचं सांगतो. दिनकररावांनी भास्करना विचारलं होतं आणि लिहिलं होतं की तुम्ही हो म्हणालात तर दिवाळीत लग्न, नाही म्हणालात तर आम्ही एक शब्दही विचारणार नाही.

हे यशवंतला माहीत होतं. तोच मला घेऊन पडद्याचं कापड घ्यायला गेला होता. कारखान्याच्या वसाहतीत त्याला दोन खोल्या मिळायच्या होत्या, आणि सुलेखाला कोणता रंग आवडेल, हे त्यानं मला दुकानात इतक्या वेळा विचारलं की विक्रेत्या बाईला वाटलं, पडदे माझ्याच घरचे. शेवटी फिकट निळं घेतलं. ते त्यानं घडी घालून ट्रंकेत ठेवलं.

यशवंत तासगावकडचा. सव्वीस-सत्तावीस वर्षांचा असेल. रंगानं काळा, उंच, हात मोठे. सांगलीत त्याच्या मामांचं विहिरींवर इंजिनं बसवायचं वर्कशॉप होतं, तिथं तो वाढला. मग ट्रेनिंगच्या एका योजनेतून कार्ल्सरूहेजवळच्या पंपांच्या कारखान्यात फिटर म्हणून आला. आमच्या मंडळींत तोच एकटा डॉक्टरेट करत नव्हता. गणपतीला सगळे जमले की तो कोपऱ्यात बसे, जपून पुणेरी मराठी बोले आणि निघताना भांडी घासून जाई. वडील काय करतात असं कोणी विचारलं की म्हणे, शेती बघतात.

तो राहायचा फ्राउ क्नोब्लोख यांच्याकडे. फ्राउ क्नोब्लोख म्हणजे आमच्या गल्लीतला कायदा. नवरा लढाईत गेलेला, वय पन्नाशीचं. दुपारी एक ते तीन मिट्टाग्सरूहे, म्हणजे सगळ्या घरानं गप्प बसायची वेळ. त्या वेळात कोणी नळ सोडला तरी त्या काठीनं छत ठोकत. जिना झाडायची कोणाची पाळी चुकली तर बादली त्याच्या दाराशी आणून ठेवत. पण यशवंत रविवारी कुठं जातो असं मी एकदा सहज विचारलं, तेव्हा त्या म्हणाल्या की त्यांना काहीही ठाऊक नाही, आणि दार लावून घेतलं. जी बाई साऱ्या गल्लीच्या कचऱ्याच्या डब्यात काय आहे ते सांगू शकते, तिला स्वतःच्या भाडेकरूचं ठाऊक नाही? मला ते खटकलं. आणखी एक गोष्ट मी मनात ठेवली होती. रविवारी फ्राउ क्नोब्लोख यांच्याही घराला कुलूप असे.

मी हे श्यामकांतांना सांगितलं नाही. पण त्यांनी आपल्या मनानंच तिथवर मजल मारली होती. जीपमधली बाई हीच असेल, असं ते म्हणाले. भास्कर म्हणाले, "अहो, आईच्या वयाची आहे ती." श्यामकांत म्हणाले, "म्हणूनच तर."

त्यानंतर यशवंत घरी आला की मी त्याच्याकडे निराळ्या नजरेनं पाहू लागले. त्याच्या कोटाला घोड्याचा वास येतो असं मला वाटायचं. बशा पुसता पुसता तो घशातल्या घशात काहीतरी घोळवायचा. त्यात आवाज खालून चढत जाऊन एकदम फुटायचा आणि पुन्हा जुळायचा. एकदा मी विचारलं, हे काय गातोस? तो म्हणाला, काही नाही वहिनी, रेडिओवरचं. इतका दचकून म्हणाला की माझा संशय वाढलाच.

मे महिन्यात हे कोडं खाटकाच्या दुकानात सुटलं. पाहुण्यांसाठी मटण आणायला मी हेर, म्हणजे श्रीयुत, झाइट्स यांच्याकडे गेले होते. काचेवर आतून एक पोस्टर चिकटवलं होतं: उसळणारा घोडा, त्यावर टोपीवाला माणूस, आणि खाली रविवारची तारीख. ऱ्हाइनच्या बाजूच्या जंगलातल्या मोकळ्या जागेत रोडेओ आहे, अमेरिकन संगीत आहे, मुलांना निम्मं तिकीट. मी पाहतेय असं बघून हेर झाइट्स खुशीत म्हणाले, "जा, जा, तुम्ही यायलाच हवं. हेर खराडे पण गातात."

मी घरी येऊन भास्करना सांगितलं. ते म्हणाले, रविवारी जाऊ. चौकशी करायला सांगितलीय, तर डोळ्यांनी बघून येऊ.

आम्ही ट्रामनं शेवटच्या थांब्यापर्यंत गेलो आणि तिथून जंगलातल्या वाटेनं चाललो. आधी गाणं ऐकू आलं, मग झाडांमधून फळ्यांची एक खोटी वस्ती दिसली. लाकडी कमान, दोन झुलत्या दारांचा दारूचा गुत्ता, घोडे बांधायचा आडवा दांडा. आणि सगळीकडे माणसं, चामड्याच्या झालरीचे कपडे घातलेली, कमरेला खोटी पिस्तुलं लावलेली. पोस्टात तिकिटं देणारा चष्मेवाला कारकून तिथे टोपी मागं सारून, तोंडात गवताची काडी धरून उभा होता. हेर झाइट्स या हौशी काऊबॉयांच्या क्लबचे अध्यक्ष होते. आणि कमानीशी पैसे घ्यायला बसल्या होत्या फ्राउ क्नोब्लोख, झालरीचा स्कर्ट घालून, छातीवर पत्र्याचा शेरिफचा तारा लावून.

त्यांनी आम्हाला पाहिलं आणि मान पण हलवली नाही. दोन तिकिटं फाडून दिली. जीपमधल्या बाईचा उलगडा तिथेच झाला. पण भास्करचा चेहरा उतरलाच होता. माझ्या कानाशी ते म्हणाले, "ही भातुकली आहे की काय?"

मग रोडेओ झाला. म्हणजे, भाड्यानं आणलेली दोन वासरं रिंगणात सोडली, सोल्जरांनी दोर फेकले, वासरं कंटाळून गवत खात उभी राहिली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. यशवंत त्यात नव्हता. तो कुंपणाशी घोड्यांना पाणी दाखवत होता. पुढे मला कळलं की पहिल्या वर्षी क्लबानं त्याला डोक्याला पिसं लावून रेड इंडियन व्हायला सांगितलं होतं, तुला रंग फासायला नको म्हणून. तो नाही म्हणाला होता. मी जनावरांकडे बघतो, एवढंच म्हणाला होता.

शेवटी गाणी झाली. डेल नावाचा एक सार्जंट गिटार घेऊन फळ्यांवर बसला. गाणी सगळी एका साच्यातली: गुरांचा कळप, धूळ, लांबची वाट, घरी सोडून आलेली कोणीतरी. मला खरं सांगायचं तर ती रडकी वाटली. मग यशवंत वर गेला. त्यानं डोळे मिटून एक गाणं म्हटलं, उच्चार वाईट, पण आवाज तोच, फुटून पुन्हा जुळणारा. आणि ते संपता संपता तो मराठीत शिरला. पुणेरी नव्हे, त्याच्या गावच्या.

"मागं मागं ये रं हौश्या, मागं हीर हाय…"

डेलनं गिटार तशीच चालू ठेवली. आणि समोरच्या गवतावर ते सगळे टोपीवाले जोडीजोडीनं उभे राहिले आणि गाऊ लागले. माग्‌ माग्‌ ये रे हाउश्या. गात गात पावलं मागं टाकू लागले. खाटीक, पोस्टाचा कारकून, फ्राउ क्नोब्लोख, एकमेकांचे हात धरून उलटे चालत होते, एकमेकांवर आपटत होते आणि हसत होते. हसून हसून हेर झाइट्स यांच्या डोळ्यांना पाणी आलं.

भास्करनी माझं कोपर धरलं. "चल. हे बघण्यासारखं नाही. चेष्टा करताहेत त्याची, आणि त्याला कळतही नाही."

मलाही तसंच वाटलं. निघताना मी मागं वळून पाहिलं. यशवंतनं आम्हाला पाहिलं होतं. त्याचं तोंड गाण्यात उघडं होतं, ते तसंच राहिलं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तो कारखान्यातून सरळ आमच्याकडे आला. बसला नाही. भास्करना म्हणाला, "साहेब, काय लिहिणार आहात ते मला आधी सांगा."

भास्करनी त्याला बसवलं. दारू पितोस का, असं विचारलं. तो म्हणाला, एक बिअर, तीही संपत नाही. बाईचं काही आहे का, असं विचारलं. तो फ्राउ क्नोब्लोख यांचं नाव ऐकून खरोखर हसला. त्यांच्याच रेडिओवर तो ही गाणी पहिल्यांदा ऐकायला शिकला होता. दुपारच्या शांततेच्या वेळात त्या स्वतःच बारीक आवाजात सोल्जरांचं स्टेशन लावून बसायच्या, आणि ही गोष्ट गल्लीत कोणाला कळू नये म्हणून वरच्यांना गप्प करायला छत ठोकायच्या.

"मग ओव्हरटाइम आहे असं खोटं का सांगितलंस?" भास्कर म्हणाले. "लपवण्यासारखं यात काय होतं?"

मी यशवंतपुढे चहा ठेवला. बोलायला लागला तेव्हा माझ्याकडे बघून बोलला, आणि त्याची जपून वापरलेली भाषा वाटेत कुठेतरी गळून गेली.

"वहिनी, तुम्ही मोट बघितलीय?"

देशात असताना मी पुण्याच्या बाहेर फारशी पडले नव्हते. चित्रात बघितलीय म्हणाले.

तेव्हा त्यानं सांगितलं. चामड्याची मोठी मोट विहिरीत सोडायची. बैलांची जोडी उतारावरून पुढं गेली की मोट भरून वर येते, पाटाला पाणी लागतं. मग रिकामी मोट परत खाली सोडायची तर बैलांना उतारावरून उलटं, मागं मागं आणावं लागतं. मागं विहीर. बैलाला ती दिसत नाही. पुढं चालताना बैलाला कोणी काही सांगावं लागत नाही, पण मागं यायचं तर त्याला आवाज लागतो. तो आवाज जोवर कानावर येतोय तोवर त्याला ठाऊक असतं की आपण पडणार नाही. म्हणून मोट हाकणारा गातो. त्याचे वडील असे पहाटेपासून गात. साऱ्या शिवारात तो आवाज ओळखीचा होता.

"आणि ती विहीर आमची नव्हती," यशवंत म्हणाला. "माझा बाप सालगडी आहे. वर्षाच्या बोलीवर दुसऱ्याच्या रानात राबतो. बैलंबी मालकाची. मामानं दिनकररावांना सांगितलं, वडील शेती बघतात. खोटं नाही. कुणाची बघतात ते सांगितलं नाही."

त्यानं कप हातात घेतला आणि न पिताच खाली ठेवला.

"मी फ्राउच्या रेडिओवर पहिल्यांदा ऐकलं तवा शब्द कळले नाहीत. पर माणूस गुरांशी बोलतोय हे कळलं. आवाज तसाच फुटत होता. मग डेलनं मला अर्थ सांगितला. वहिनी, हे गाणारे कोण असतात? गडीच. दुसऱ्याची गुरं राखणारे, पगारावर. पर गाणं त्यांचं हाय. मालकाचं नावसुद्धा नाही त्यात. आणि इथं खाटीक, पोस्टातला क्लार्क, पैसे भरून, कपडे शिवून, रविवारी गडी व्हायला जातात. आणि मी सहा दिवस गड्याचा पोरगा नाही असं दाखवत फिरतो."

भास्करनी विचारलं, वडील अजून गातात का?

"न्हाय. मालकानं विहिरीवर इंजिन घेतलं. मामाच्या वर्कशॉपातनं. मामाबरोबर मीच गेलो होतो, बोल्ट मीच आवळले. बाप बांधावर उभा राहून बघत होता. मालकानं बैलं विकली आणि बापाला इंजिन राखायला ठेवलं. चालू करायचं, बंद करायचं. त्याला गाणं लागत न्हाय."

चहा तसाच थंड झाला होता. भास्कर म्हणाले, हे बघ, मला विचारलंय ते तुझ्या वागण्याबद्दल. तू निर्व्यसनी आहेस, सरळ आहेस, कामात चोख आहेस, हे मी लिहीन. बाकीचं मला कोणी विचारलेलं नाही. गाण्याचंही नाही आणि वडिलांचंही नाही. दिवाळीत लग्न होऊन जाऊ दे. एकदा मुलगी इकडे आली की विहीर कोणाची होती, हे इथे कोण विचारतंय?

यशवंतला सुलेखा हवी होती. ते पडद्याचं कापड घेताना मी पाहिलं होतं. त्यानं मान खाली घातली, आणि मला वाटलं, हा आता बरं म्हणेल.

"साहेब," तो म्हणाला, "ती बिचारी मागं मागं चालत येणार. तिला मागं काय हाय ते दिसणार न्हाय. आपल्या आवाजावर येणार. लिहा तुम्ही. बाप मोट हाकायचा असं लिहा."

भास्करनी तसं लिहिलं, गाण्यासकट. माझ्यासमोर लिहिलं आणि मीच ते पत्र पोस्टात टाकून आले, म्हणून मला माहीत आहे. श्यामकांतांना वाटत होतं की आता आपण जीपचं आणि सोल्जरांचंही कळवायला हवं. भास्कर त्यांना म्हणाले, तुम्ही काही कळवलंत तर यापुढे हायडेलबर्गलाच जेवा. त्यांनी कळवलं की नाही, याचा मला पुढे कित्येक वर्षं संशय होता.

कोल्हापूरहून उत्तर आलं नाही. दिवाळी आली आणि गेली. नाताळच्या सुमारास सुलेखाच्या लग्नाची छापील पत्रिका आली, मुलगा सांगलीचा डॉक्टर होता. मी ती यशवंतला कशी दाखवावी या विचारात असताना तो पुढच्या शनिवारी आला, भिंतीला टेकवून ठेवलेली पत्रिका त्यानं स्वतःच वाचली आणि भांडी घासायला उठला. त्या दिवशी तो गायला नाही. पडद्याचं कापड त्यानं मला आणून दिलं. नवीन घरात मी ते लावलं.

श्यामकांत रेगे डॉक्टर होऊन मुंबईला परतले, कॉलेजात विभागप्रमुख झाले. पार्ट्यांमध्ये ते जर्मनीतल्या एका मराठी काऊबॉयची गोष्ट रंगवून सांगत. तीत जीप असे आणि झालरीच्या स्कर्टातली विधवा असे. ते गेले त्यालाही आता बरीच वर्षं झाली.

सुलेखा मला कोल्हापूरला एका लग्नात भेटली. तेव्हा तिची मुलं कॉलेजात होती, केसात पांढरं दिसू लागलं होतं. माझी ओळख पटल्यावर ती मला मांडवाच्या बाहेर घेऊन गेली आणि म्हणाली, "ते गायचे म्हणे?" मी म्हणाले, हो, अजून गातात. मग मी माझा जुना संशय विचारला. ती म्हणाली, कोणाचं काही आलं नव्हतं, फक्त तुमच्या यजमानांचं. "आबा म्हणाले, पोरगा लाखाचा आहे. पण ज्यांच्या विहिरीवर त्याचा बाप मोट हाकायचा, ते आपले सोयरे आहेत. त्यांच्या पंगतीला व्याही म्हणून त्याला कसं बसवू?" मग ती म्हणाली, "मला कोणी विचारलं नाही हो." आत बँड सुरू झाला म्हणून आम्ही परत गेलो.

यशवंतचे वडील १९६६ मध्ये वारले. त्याच्या आदल्या वर्षी तो गावी जाऊन आला होता. डेलनं अमेरिकेला परत जाताना त्याला आपला टेपरेकॉर्डर दिला होता, तो घेऊन गेला. वडिलांना विहिरीपाशी नेलं, म्हणाला, आबा, एकदा गा. वडिलांनी इकडं तिकडं पाहिलं आणि विचारलं, "बैलं कुठायत?" त्यानं टेप आणली ती कोरीच.

त्यानं लग्न केलं नाही. कारखान्यात तो फोरमन झाला. पुढे तिथले पंप आपल्याकडेही गेले, पेट्या भरताना त्यांवरची मराठी गावांची नावं त्यानं वाचली असणार. तो राहिला फ्राउ क्नोब्लोख यांच्याकडेच. दुपारी एक ते तीन ते दोघं रेडिओ ऐकत, आणि वरच्या मजल्यावरच्या नव्या भाडेकरूंसाठी छत आता यशवंत ठोकी.

१९८९ च्या मार्चमध्ये तो कारखान्याच्या फाटकातच हृदयविकारानं गेला. इथल्या कायद्यानं अस्थी घरी ठेवता येत नाहीत, कलश दफनभूमीत पुरावा लागतो. त्या सकाळी मी आणि भास्कर गेलो. आमच्याखेरीज मराठी कोणी नव्हतं. क्लबाचे सगळे आले होते. म्हातारे झाले होते. हेर झाइट्स यांचा मुलगा त्यांना चाकाच्या खुर्चीतून घेऊन आला होता. पोस्टाचा कारकून आता टकलू होता. फ्राउ क्नोब्लोख काळ्या कोटात काठी टेकत उभ्या होत्या. सगळ्यांनी टोप्या काढून छातीशी धरल्या होत्या. इतकी वर्षं मी त्यांच्याकडे संशयानं पाहत आले होते. दर वेळी तो रविवार आठवायचा, ती उलटी चाल आणि ते हसणं.

कलश खाली सोडला. पाद्री नव्हता, भाषणं नव्हती. मग पोस्टाच्या कारकुनानं गिटारवर एक सूर धरला आणि फ्राउ क्नोब्लोख यांनी सुरुवात केली, सत्त्याहत्तर वर्षांच्या कापऱ्या आवाजात. माग्‌ माग्‌ ये रे हाउश्या. बाकीच्यांनी उचललं. शब्द घासून घासून मूळचे राहिले नव्हते. पण आवाज जिथे फुटायचा तिथे प्रत्येकाचा फुटत होता आणि जिथे जुळायचा तिथे जुळत होता. आणि गात गात ते मागं सरू लागले. खड्ड्याकडे तोंड करून, एक एक पाऊल मागं, ओल्या गवतातून. खुर्चीचा ब्रेक सोडून मुलानं हेर झाइट्सनाही मागं ओढलं. कोणी हसत नव्हतं.

बैल विहिरीकडे पाठ करून मागं येतात, हे त्यांना त्यानं सांगितलं नसावं. की सांगितलं होतं आणि त्या दिवशी त्यांनीच बदललं, ते मला ठाऊक नाही.

भास्कर माझ्या शेजारी उभे होते. टोपी त्यांनी काढली होती. मग त्यांनी माझं कोपर धरलं, तसंच, त्या रविवारसारखं. मला वाटलं, आता म्हणतील, चल.

त्यांनी एक पाऊल मागं टाकलं. मीही टाकलं.